मिठागर ते गोपुरी : अप्पासाहेब पटवर्धनांचा गाव-आराखडा

शिरोडा, प्रतिनिधी

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, गोव्याच्या सीमेलगत वसलेले वेंगुर्ले तालुक्यातील शिरोडा हे गाव महाराष्ट्राला प्रामुख्याने दोन कारणांनी ठाऊक आहे. पहिले कारण वि. स. खांडेकर. १९२० ते १९३८ या काळात त्यांनी येथील शाळेत शिक्षकी केली. दुसरे कारण मीठ. १९३० च्या मे महिन्यात येथील मिठागरांवर झालेल्या सत्याग्रहाने हे आडबाजूचे गाव देशाच्या नकाशावर आणले. त्या काळात कोकणात या लढ्याची उभारणी करणाऱ्या प्रमुख मंडळींत सीताराम पुरुषोत्तम उर्फ अप्पासाहेब पटवर्धन हे एक होते. कोकणगांधी या नावाने पुढे ते ओळखले गेले.

मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या प्रवाशांना त्यांचे नाव निदान वाचून तरी माहीत असते. कणकवलीच्या मुख्य चौकाला अप्पासाहेबांचे नाव आहे. एकेकाळी या चौकात वाहनांची रांग लागे, आणि आता महामार्गाचा उड्डाणपूल त्याच्या डोक्यावरून जातो. पूल ओलांडणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल, की ज्याचे नाव या चौकाला आहे त्या माणसाने आयुष्याचा मोठा भाग संडास, सोनखत, मेलेली गुरे आणि शेण या विषयांचा विचार करण्यात घालवला. नगररचनेची पदवी त्यांच्याकडे नव्हती. तरीही कोणत्याही गावाच्या आराखड्यात शेवटच्या पानावर ढकलला जाणारा प्रश्न त्यांनी पहिल्या पानावर आणला : गावाची घाण जाते कुठे, ती उचलतो कोण, आणि तिच्यातून होणारी संपत्ती मिळते कोणाला?

प्राध्यापकी सोडून

अप्पासाहेबांचा जन्म ४ नोव्हेंबर १८९४ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातला. आजचा सिंधुदुर्ग त्या वेळी रत्नागिरीचाच भाग होता. तो वेगळा जिल्हा झाला १९८१ मध्ये. एम. ए. होऊन त्यांनी काही काळ पुण्यात प्राध्यापकी केली. त्या काळच्या कोकणातील ब्राह्मण कुटुंबातल्या हुशार मुलासाठी हा मार्ग सरळ आणि सुरक्षित होता. पुण्या-मुंबईची नोकरी, निवृत्तीनंतर गावचे घर आणि माडाची बाग, एवढे त्यात ठरलेलेच असे.

अप्पासाहेबांनी तो मार्ग सोडला. गांधीजींच्या हाकेला प्रतिसाद देऊन ते आश्रमात गेले आणि पुढे रत्नागिरी जिल्ह्यात परत येऊन खादी, राष्ट्रीय शिक्षण आणि अस्पृश्यतानिवारण यांच्या कामात पडले. गांधीजींच्या आत्मकथेचा मराठी अनुवाद त्यांच्याच हातचा आहे. मराठी वाचकांच्या अनेक पिढ्यांनी गांधीजी वाचले ते अप्पासाहेबांच्या मराठीतून, पण मुखपृष्ठावरील मोठ्या नावाखाली अनुवादकाचे नाव बहुतेकांच्या लक्षात राहिले नाही.

ते परतले तेव्हा रत्नागिरी जिल्हा सामाजिक घुसळणीतून जात होता. महाडला १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचा सत्याग्रह केला. रत्नागिरीत स्थानबद्ध असलेले सावरकर जातिभेदाविरुद्ध प्रचार करीत होते. १९३१ मध्ये भागोजीशेठ कीर यांच्या औदार्याने तेथे पतितपावन मंदिर उभे राहिले. पाण्यावर कोणाचा हक्क, देवळात कोणाचा प्रवेश, हे प्रश्न ऐरणीवर होते. अप्पासाहेबांनी त्यांच्या जोडीला आणखी एक प्रश्न ठेवला. ज्या कामामुळे माणूस अस्पृश्य ठरवला जातो, ते काम त्याच्याच वाट्याला का असावे?

मिठाचे अर्थशास्त्र

या प्रश्नाचा आर्थिक धागा शिरोड्याच्या मिठागरात दिसतो. भरतीचे खारे पाणी खाडीतून आत घ्यायचे, तुडवून घट्ट केलेल्या वाफ्यांतून टप्प्याटप्प्याने ते आटवायचे आणि पावसाळ्यापूर्वी मीठ गोळा करायचे, अशी ही पद्धत. समुद्र, ऊन आणि माणसाचे श्रम या तीन गोष्टी गावच्याच. मात्र तयार झालेल्या मिठावर हक्क सरकारचा आणि त्यावरील कर उत्पादनखर्चाच्या कित्येक पट. किनाऱ्यावर राहणाऱ्या कोळणीला दारातले मीठ उचलण्याची मुभा नव्हती आणि मासळी खारवण्यासाठी लागणारे मीठ तिला करासह विकत घ्यावे लागे.

गांधीजींनी एप्रिल १९३० मध्ये दांडीला कायदा मोडल्यानंतर महाराष्ट्रात योग्य जागेचा शोध सुरू झाला. शिरोड्याला मोठी मिठागरे आयती होती. देशावरून, मुंबईहून स्वयंसेवक येथे दाखल झाले. बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक धर्मानंद कोसंबी हेही या छावणीच्या कामात होते. १२ मे १९३० रोजी सत्याग्रहींनी मिठागरांवर चाल केली. लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भरले. गावकऱ्यांनी बाहेरून आलेल्या या पाहुण्यांना आसरा दिला. मिठावरील कर मात्र प्रत्यक्षात उठला तो १९४७ मध्ये.

मिठाचा लढा आणि पुढचे सफाईचे काम ही अप्पासाहेबांच्या चरित्रातील दोन वेगळी प्रकरणे मानली जातात. प्रत्यक्षात त्यांचा धागा एकच आहे. गावाच्या परिसरात जे आहे, त्याचा उपयोग गावाने करावा आणि त्याचा लाभ राबणाऱ्याला मिळावा. मिठाच्या बाबतीत आड येत होते सरकार. शेण, मैला आणि मेलेले गुरू यांच्या बाबतीत आड येत होती जात, आणि हा अडथळा अधिक चिवट होता.

रत्नागिरीच्या तुरुंगातील उपवास

त्या अडथळ्याशी अप्पासाहेबांची समोरासमोर गाठ पडली १९३२ मध्ये, रत्नागिरीच्या तुरुंगात. तुरुंगातील मैला साफ करण्याचे काम नियमाने ठराविक जातींच्या कैद्यांकडेच दिले जाई. अप्पासाहेबांनी ते काम आपल्याला मिळावे अशी मागणी केली. अधिकाऱ्यांनी नकार दिला. सवर्ण कैद्याला हे काम देणे त्यांच्या नियमात बसत नव्हते. सरकारी नियमपुस्तिकाच जातीची राखण करीत होती. अप्पासाहेबांनी अन्न तोडले.

त्या वेळी गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. पुणे कराराला निमित्त ठरलेला त्यांचा मोठा उपवास सप्टेंबरमध्येच झाला होता. अप्पासाहेबांची बातमी कळल्यावर त्यांनी सरकारशी पत्रव्यवहार केला आणि ३ डिसेंबर १९३२ रोजी सहानुभूतीचा उपवास सुरू केला. प्रश्नाचा विचार करण्याचे आश्वासन मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी तो सुटला. पुढे सवर्ण कैद्यांना स्वेच्छेने हे काम करता यावे, अशी सवलत सरकारला द्यावी लागली.

बाहेरून पाहता ही घटना विचित्र वाटते. तुरुंगात लोक काम टाळण्यासाठी भांडतात. हा माणूस सर्वांत नकोसे काम मिळावे म्हणून उपाशी राहिला. पण अप्पासाहेबांच्या दृष्टीने त्यात हिशेब स्पष्ट होता. एखादे काम जोवर एकाच जातीच्या माथी आहे, तोवर ते सुधारण्याची गरज कोणालाच वाटणार नाही. डोक्यावरून पाटी वाहणारा माणूस स्वस्तात मिळतो आहे, तर चांगला संडास शोधण्याचा खटाटोप कोण करील? ज्या दिवशी प्राध्यापकाला ती पाटी उचलावी लागेल, त्या दिवशी पाटीच नको असे त्यालाही वाटू लागेल.

गोपुरीचा प्रयोग

स्वातंत्र्यानंतर अनेक सत्याग्रही विधिमंडळाकडे वळले. अप्पासाहेबांनी १९४८ मध्ये कणकवलीजवळ वागदे येथे, गड नदीच्या परिसरात गोपुरी आश्रम उभारला. त्या वेळी ते ५३ वर्षांचे होते.

गोपुरीमागील विचार समजण्यासाठी त्या काळच्या कोकणाची स्थिती ध्यानात घ्यावी लागते. जांभ्याची जमीन आणि धो धो पाऊस. मातीतील कस दर पावसाळ्यात समुद्राकडे वाहून जातो. भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याची जुनी पद्धत. त्यात शेण आणि पालापाचोळा जमिनीत मुरण्याऐवजी जळून जाई. खोतीच्या व्यवस्थेने कसणारा पिचलेला. ती कायद्याने संपवण्याचे पाऊल पडले ते १९४९ मध्ये. तरणी माणसे मुंबईच्या गिरण्यांत आणि घरे मनीऑर्डरवर चाललेली. गावात पैसा येई आणि किराणा, कापड, रॉकेलच्या वाटेने परत जाई. बाहेरून येणाऱ्या पैशावर जगणारे गाव स्वतःजवळची संपत्ती मात्र घाण म्हणून फेकून देत होते.

गोपुरीत या फेकलेल्या संपत्तीची एकेक करून मोजदाद झाली. पहिली वस्तू माणसाचा मैला. गोपुरी संडास या नावाने ओळखल्या गेलेल्या रचनेत आळीपाळीने वापरायच्या दोन टाक्या असत. एक वापरात असताना प्रत्येक वेळी मैल्यावर माती, राख, वाळका पाला टाकायचा. ती भरली की बंद करून दुसरी उघडायची. दुसरी भरेपर्यंत पहिलीतील मैल्याचे खत होते. त्याला दुर्गंधी नसते, हात लावायला किळस वाटत नाही, आणि शेतकऱ्याच्या भाषेत त्याचे नाव सोनखत. संडास साफ करण्यासाठी वेगळी जात लागत नाही. घरचा माणूसच फावड्याने खत काढून शेतात नेतो.

दुसरी वस्तू शेण. गोबर गॅसचे तंत्र देशात त्याच दशकांत आकार घेत होते. पुढे खादी ग्रामोद्योग आयोगाने त्याचा प्रसार हाती घेतला. गोपुरीतही त्याचे प्रयोग झाले. शेणाची गोवरी केली तर जळण मिळते पण खत बुडते; उकिरड्यावर टाकले तर खत मिळते पण जळण बुडते. गॅसच्या टाकीतून जळणही मिळते आणि उरलेली मळी खत म्हणून शेतात जाते. चुलीपुढे धुराने डोळे चोळणाऱ्या बाईला आणि पिकाला एकाच वस्तूतून दिलासा मिळतो.

तिसरी वस्तू मेलेले गुरू. हे सर्वांत अवघड. मृत जनावराचे कातडे, हाडे, चरबी यांना बाजारात किंमत असते. कातड्याच्या चपला होतात, हाडांचे खत होते. पण त्याला हात लावणे हा विटाळ. अप्पासाहेब स्वतः मेलेली जनावरे सोलत. हे करताना त्यांना सवर्ण समाजाचा रोष पत्करावा लागला. कोकणात माणसाची जात त्याच्या घराच्या ओसरीवर कुठवर जाता येते यावरून ठरत असे, त्या काळातली ही गोष्ट आहे.

पाणी, निवारा, शेत, गोठा, संडास आणि कातडे कमावण्याची जागा हे सारे एकाच नकाशात, एकमेकांना जोडलेले असावे, आणि एका ठिकाणचा टाकाऊ भाग दुसऱ्या ठिकाणचा कच्चा माल व्हावा, अशी ही कल्पना होती. नगररचनेचे आजचे अभ्यासक याला वेगवेगळी भारदस्त नावे देतात. अप्पासाहेबांनी ती टिकाव-फावडे घेऊन वागद्याच्या माळावर मांडली.

बाबासाहेबांच्या वाटेशी फरक

अप्पासाहेबांचे मोठेपण सांगताना एक अवघड मुद्दा टाळता येत नाही. दलित समाजाने त्याच काळात वेगळा मार्ग निवडला होता. मेलेली ढोरे ओढायची नाहीत, मृत जनावराचे मांस खायचे नाही, अपमानाची कामे सोडायची आणि शिकायचे, हा बाबासाहेबांचा आग्रह होता. ज्याच्यावर पिढ्यान्‌पिढ्या एखादे काम लादले गेले, त्याला त्या कामाचे शास्त्र आणि प्रतिष्ठा समजावून सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळल्यासारखेच. सवर्णाने हौसेने झाडू धरणे आणि दलिताने नाइलाजाने धरणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिला हवे तेव्हा झाडू खाली ठेवू शकतो.

हा आक्षेप खरा आहे. अप्पासाहेबांच्या बाजूने एवढेच म्हणता येईल, की त्यांचे सांगणे प्रामुख्याने दलितांना उद्देशून नव्हते. आपली घाण आपण उचला, हे त्यांनी सवर्णांना सांगितले आणि आधी स्वतः करून दाखवले. त्यांनी झाडू चार दिवसांत खाली ठेवला नाही. तो दशकानुदशके हाती राहिला. शिवाय ते केवळ झाडण्यावर थांबले नाहीत. झाडण्याची गरजच संपवणारी रचना त्यांनी शोधली. दलितांनी काम सोडणे आणि सवर्णांनी ते काम माणसाला शोभेल असे करून स्वतः उचलणे, या दोन वाटा एकमेकींना पूरक ठरू शकल्या असत्या. प्रत्यक्षात पहिली वाट पुष्कळ अंशी चालली गेली आणि दुसरीवर गर्दी झालीच नाही.

जे साधले नाही

१९५१ नंतर विनोबांच्या भूदान चळवळीत अप्पासाहेब सहभागी झाले. गावोगाव पायी फिरून त्यांनी जमिनीच्या वाटपाचा विचार मांडला. व्याज या संस्थेलाच त्यांचा विरोध होता. श्रम न करता पैसा वाढत राहतो आणि श्रम करणारा कर्जात बुडत राहतो, हे त्यांना गावाच्या दारिद्र्याचे मूळ वाटे. सहकारी पतपेढ्या आणि बँका वाढत असलेल्या महाराष्ट्रात हा विचार कोणी फारसा मनावर घेतला नाही. त्यात व्यवहाराच्या अडचणीही होत्या, हे मान्य करायला हवे.

गोपुरीचेही तसेच झाले. आश्रम टिकला, नाव झाले. पण कोकणातील गावोगाव गोपुरी उभ्या राहिल्या नाहीत. रासायनिक खताची गोणी आली, तेव्हा सोनखताची वाट पाहण्याचा धीर संपला. ज्यांच्या हाती पैसा आला त्यांनी पाण्याचा संडास आणि सेप्टिक टँक बांधला. कारण त्यात घाण दृष्टिआड होते आणि प्रतिष्ठा वाढते. मुंबईची ओढ कायम राहिली. १० मार्च १९७१ रोजी अप्पासाहेबांचे निधन झाले, तेव्हा कोकणातले गाव अजूनही मनीऑर्डरवर चालत होते.

तरी त्यांचे काम वाया गेले नाही. पुण्याजवळच्या देहू येथे १९५९ मध्ये सरकारी डॉक्टर म्हणून रुजू झालेले डॉ. एस. व्ही. मापुसकर यांना संडासाच्या रचनेबाबत अप्पासाहेबांचे मार्गदर्शन लाभले. त्यांनी देहूत आयुष्यभर स्वच्छतेचे काम केले, मैल्यापासून गॅस तयार करणारे संडास उभारले आणि आपल्या संस्थेला अप्पासाहेबांचेच नाव दिले. डॉ. मापुसकरांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

आज शिरोड्यात उभे राहून

२०१६ मध्ये केंद्र सरकारच्या ग्रामीण स्वच्छता सर्वेक्षणात मैदानी भागातील जिल्ह्यांत सिंधुदुर्गाचा पहिला क्रमांक आला. शिरोडा ज्या तालुक्यात आहे त्या वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेने घरातच कचऱ्याचे वर्गीकरण, ओल्या कचऱ्यापासून खत आणि गॅस या मार्गाने राज्याचे लक्ष वेधले. अप्पासाहेबांनी पेरलेले बी या मातीत कुठेतरी शिल्लक होते, असे वाटण्याजोगी ही गोष्ट आहे.

मात्र समाधान मानून थांबता येत नाही. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. किनाऱ्यावर निवासस्थाने, हॉटेले, बंगले वाढत आहेत. जांभा सच्छिद्र दगड आहे. घराची विहीर आणि शेजारच्या घराचा शोषखड्डा यांत अंतर कमी असेल, तर पावसाळ्यात काय होते ते सांगायला तज्ज्ञ लागत नाही. जेथे टाक्या पक्क्या आहेत तेथे त्या भरल्यावर उपसायला कोणीतरी यावेच लागते. हाताने मैला साफ करून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही राज्यातील शहरांत टाक्या आणि गटारे साफ करताना कामगार गुदमरून मेल्याच्या बातम्या येत राहतात. त्या बातम्यांतील मृतांची आडनावे पाहिली, तर रत्नागिरीच्या तुरुंगातील ती नियमपुस्तिका पुरती फाडली गेलेली नाही, हे कळते.

शिरोड्याच्या मिठागरांत उन्हाळ्यात आजही काही ठिकाणी मिठाच्या पांढऱ्या राशी दिसतात. सत्याग्रहाच्या स्मारकापाशी पर्यटक थांबतात, छायाचित्रे काढतात आणि समुद्राकडे निघतात. मिठावरील कराचा प्रश्न इतिहासजमा झाला. अप्पासाहेबांनी त्यानंतर हाती घेतलेला प्रश्न मात्र किनाऱ्यावरील प्रत्येक नव्या बांधकामाबरोबर पुन्हा उभा राहतो. या इमारतीतला मैला कुठे जाणार, तो कोणाच्या हाताने जाणार, आणि त्याचे सोने होणार की विष? बांधकामाच्या परवानगीचा कागद पुढे येईल तेव्हा ग्रामपंचायतीने आणि पाहुण्यांनीही हे एवढे विचारले, तर कणकवलीच्या चौकावरील पाटीला अर्थ राहील.